कलकत्त्यास येणाऱ्या मराठी पाहुण्यास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने एखाद्या गहन वाङ्मयीन विषयास हात घालावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज एका साध्या, व्यवहारी विषयावर बोलणार आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मंडळी कलकत्ता पाहावयास येतात. कोणी कालीमातेच्या दर्शनास, कोणी बेलूर मठास, कोणी दुर्गापूजेसाठी, तर कोणी दार्जिलिंगला जाता जाता दोन दिवस. निघण्यापूर्वी आपल्यापैकी कोणास तरी त्यांची विचारणा येते. पूर्वी ती पत्राने येई, आता दूरध्वनीवरून येते, पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : "शहर सुरक्षित आहे ना?" "तेथे कसे वागावे?" हा प्रश्न मला आजवर फारच थोड्यांनी विचारला. हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. (२००१ साली या शहराचे नाव अधिकृतपणे कोलकाता झाले. आपल्या घरांत रुळलेले 'कलकत्ता' हे नाव मी जुन्या सवयीने घेत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.)

सुरक्षिततेचा हा प्रश्न आपण या शहराला विचारतो, त्याच्या कितीतरी आधी या शहराने तो आपल्याविषयी विचारला होता. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून येऊ लागल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी मराठ्यांच्या भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो सात मैलांचा व्हावयाचा होता. तीन मैल झाला आणि थांबला, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला गेला, तोच आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग आणि आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आजही आहे.

आपला पाहुणा हा इतिहास मोठ्या अभिमानाने सांगू लागतो, म्हणून पहिली सूचना येथेच करतो. आपल्या भाषेतील 'बारगीर' बंगालीत 'बर्गी' झाला, आणि बर्गीच्या नावाने मुलांना निजविणारे अंगाईगीत येथील माता अजूनही गातात. त्या स्वाऱ्यांत सामान्य रयतेचे जे हाल झाले, त्यांचे वर्णन गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात त्याच काळात करून ठेवले आहे. तेव्हा बंगाली घरात बसून चौथाईच्या गोष्टी मिशीवर ताव देत सांगू नयेत. सांगावयाचेच असेल तर सखाराम गणेश देउस्करांविषयी सांगावे. हा मराठी कुळातील पुरुष बंगालीचा नामांकित लेखक झाला, आणि १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'देशेर कथा' या ग्रंथावर इंग्रज सरकारने पुढे बंदी घातली. रवींद्रनाथांनी शिवाजीमहाराजांवर कविता लिहिली ती त्याच वर्षी. आणि १९०६ साली कलकत्त्यात झालेल्या शिवाजी-उत्सवास लोकमान्य टिळक स्वतः आले होते. इतकेच काय, येथील फोर्ट विल्यम या लष्करी किल्ल्याचे नाव २०२४ च्या अखेरीस 'विजय दुर्ग' असे बदलण्यात आले, तेही आपल्या कोकण किनाऱ्यावरील विजयदुर्गावरून. ज्या शहराने आपल्या भीतीने खंदक खणला, त्या शहराच्या किल्ल्याला आज आपल्या दुर्गाचे नाव आहे.

आता प्रवासाकडे वळू. १९७७ च्या डिसेंबरात रेल्वेमंत्री मधु दंडवते यांच्या कारकिर्दीत मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गभेद नसलेली पहिली गाडी सुरू झाली. याच दोन महानगरांना जोडणाऱ्या दुसऱ्या एका गाडीचे नाव ज्ञानेश्वरी आहे. दोन प्रांतांनी आपापले ग्रंथ एकमेकांच्या रुळांवर धाडावेत, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते. परंतु गाडीचे नाव वाचून थांबू नये, तिकिटावरील स्थानकाचे नावही वाचावे. हावडा, शालिमार व सांत्रागाछी ही स्थानके हुगळीच्या पश्चिम तीरावर, तर सियालदह आणि 'कोलकाता' नावाचे चितपूरचे स्थानक पूर्व तीरावर. परतीच्या दिवशी भलत्याच स्थानकावर उभे राहून गाडी चुकलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

हावड्यास उतरल्यावर जो मनुष्य आपण होऊन तुमची पेटी उचलील, त्याच्या मागे जाऊ नये. हमालाचा बिल्ला पाहावा आणि हमाली आधी ठरवावी. प्रीपेड टॅक्सीची खिडकी शोधावी अथवा मोबाइलवरून गाडी बोलवावी. २०२४ च्या मार्चपासून हावड्याहून गंगेखालून मेट्रो धावते. सामान थोडे असेल तर तिच्यासारखे सोपे वाहन नाही. येथील बहुतेक रिक्षा ठरावीक मार्गावर वाटणीने चालतात. मुंबई-पुण्याप्रमाणे "मीटर टाका" म्हणून हुज्जत घालू नये. शेजाऱ्याला सरकून जागा द्यावी आणि भाड्याचे सुटे पैसे हाताशी ठेवावेत. बंगालीत त्यांना 'खुचरो' म्हणतात, आणि या एका शब्दावरून जितके कलह होतात तितके राजकारणावरूनही होत नसतील. आणखी एक गोष्ट. येथील अनेक एकमार्गी रस्त्यांची दिशा दुपारनंतर उलट होते. सकाळी ज्या वाटेने नेले त्या वाटेने चालक सायंकाळी नेत नाही, म्हणून तो फसवतो आहे असा ग्रह करून घेऊ नये. आमच्या एका पाहुण्याने याच कारणावरून भर रस्त्यात टॅक्सीवाल्याला चोर म्हटले, आणि मग गर्दी जमल्यावर मात्र त्याला शहर असुरक्षित वाटू लागले.

याचा अर्थ चोर नाहीतच, असा नव्हे. धर्मतळा, बडाबाजार, न्यू मार्केट, गडियाहाट या गजबजलेल्या ठिकाणी खिसेकापू असतात, जसे ते दादरला आणि मंडईत असतात. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावेत, पिशवी पुढे धरावी, आणि उंची दागिने घरी ठेवून यावे. न्यू मार्केटात "या, मी दुकान दाखवतो" म्हणणाऱ्याचे दलाल-वेतन शेवटी तुमच्याच साडीच्या किमतीत चढते. काही अडचण आल्यास वाहतूक-पोलिसाला विचारावे. ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो. राजकीय मिरवणुकीला येथे 'मिछिल' म्हणतात. ती आडवी आली तर शांतपणे थांबावे. तिच्यातून वाट काढू नये, आणि कोणत्याही झेंड्याविषयी मत देऊ नये.

चोरापेक्षा मला पाहुण्यांसाठी भीती वाटते ती पावसाळ्याची. थोड्याशा मुसळधार सरीने येथील कित्येक रस्ते गुडघाभर पाण्याखाली जातात. अशा पाण्यातून चालताना दिव्याच्या खांबाला, लोखंडी कठड्याला वा लोंबणाऱ्या तारेला चुकूनही हात लावू नये. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत विजेच्या धक्क्याने येथे माणसे दगावली. पाणी ओसरेपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभे राहावे. दुकानदार बसावयास स्टूल देईल. डासांपासूनही जपावे. डासांमार्फत हिवतापाचा प्रसार कसा होतो, याचा पक्ष्यांवरील निर्णायक प्रयोग रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली याच शहरात केला. पावसाळ्यात व त्यानंतरही काही आठवडे डेंग्यूचे भय असते. अंगभर कपडे, मच्छरदाणी आणि उकळलेले पाणी, ही आपल्या आजीची शिस्त पुरेशी आहे.

देवदर्शनाविषयी थोडे. कालीघाटला पंडा भेटल्यास दक्षिणा आधी ठरवावी, आणि संकल्प सोडताना ऐनवेळी वाढविलेल्या रकमेस हात जोडून नकार द्यावा. तेथे बोकडाचा बळी दिला जातो. ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी त्या बाजूस जाऊ नये. पण नाक मुरडून तेथल्या भाविकांना धर्म शिकवू नये. आपल्याकडेही कित्येक ग्रामदैवतांच्या जत्रांत हेच चालते. बेलूर मठाच्या आवारात छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. लष्करी भागातही घेऊ नयेत. कुमारटुलीत मूर्तिकार काम करीत असता विचारल्याशिवाय कॅमेरा पुढे करू नये. हातरिक्षा ओढणाऱ्या वृद्धाचे चित्र तर मुळीच टिपू नये. त्याला गिऱ्हाईक हवे असते, प्रेक्षक नको असतो. थुंकण्याविषयी बोलण्याची खरे तर लाज वाटते. १९४३ साली खुला झालेला हावड्याचा पूल एवढा बलदंड, पण पान खाऊन थुंकणाऱ्यांनी त्याच्या लोखंडी आधारांचे पायथे झिजवले, आणि त्यांना फायबरग्लासची आवरणे घालावी लागली.

आता भाषा. आपल्या पाहुण्यांचे सर्वांत मोठे संकट येथे आहे. आपले 'तुम्ही' आदरार्थी. बंगालीतील 'तुमि' मात्र सलगीचे. अनोळखी प्रौढास "तुमि" म्हटले की त्याच्या कपाळाला आठी पडते आणि आपल्याला कारण कळत नाही. 'आपनि' हाच शब्द वापरावा, मग समोर अधिकारी असो वा भाजीवाला. आपली 'चूल' म्हणजे त्यांचे केस. म्हणून "चूल पेटवली" ऐकून शेजारीण दचकली तर नवल नाही. उलट, केसांसाठी हिंदीत जो शब्द आहे तो बंगालीत सभ्य समाजात उच्चारीत नाहीत. न्हाव्याकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपली 'शाळा' त्यांच्या कानाला शिवीसारखी लागते. पुरुषास 'दादा', स्त्रीस 'दिदि', वडीलधाऱ्या बाईंस 'माशिमा' म्हणावे. माशी म्हणजे मावशी. रवींद्रनाथांचे आडनाव येथे 'ठाकूर' आहे. आपण 'टागोर' म्हणतो ते इंग्रजीच्या वळणाने.

बंगाली घरी जेवावयास बोलावले तर जरूर जावे, मात्र दुपारच्या विश्रांतीच्या वेळी दूरध्वनी करू नये. पुणेकरांस हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच "आमि निरामिष" असे सांगावे. ताटावर बसल्यावर सांगणे हा यजमानाचा अपमान ठरतो. केवळ "डाळ आणि भाजी चालेल" म्हणणेही पुरेसे नाही, कारण मुगाच्या डाळीत माशाचे डोके आणि कोबीच्या भाजीत कोलंबी असू शकते, आणि ते त्यांच्या दृष्टीने पाहुण्याचे कौतुक असते. येथील ब्राह्मणही मासे खातात, यावर आश्चर्य व्यक्त करू नये. आपल्या सारस्वतांच्या घरी आपण करतो काय? उष्ट्या-खरकट्याचा विचार त्यांच्याकडेही आहे. त्यास ते 'एँटो' म्हणतात. उष्टा हात वाढपाच्या भांड्याला लावू नये. मिठाई दोन वाढल्या तर एक तरी खावी. मधुमेह असला तर तसे सांगावे. "फार गोड आहे" असे म्हणू नये.

दुर्गापूजेत येणाऱ्यांनी रांग मोडू नये, आणि विसर्जन होण्यापूर्वी कोणास 'शुभ विजया' म्हणू नये. देवी अजून घरात असताना तिला निरोप दिल्यासारखे ते होते. २०२१ साली युनेस्कोने या उत्सवास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली आहे. म्हणून माझी एक आग्रहाची सूचना आहे. बरोबरच्या प्रत्येक वृद्धाच्या आणि मुलाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तीवर नाव, उतरल्या ठिकाणचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक बंगालीत लिहिलेला असावा. ही सूचना मी ज्या प्रसंगातून शिकलो, तो सांगून भाषण आटोपते घेतो.

१९७८ च्या प्रारंभी, तरुणपणी, मी नोकरीनिमित्त या शहरात आलो. १९७९ च्या पूजेस साताऱ्याहून माझी मावशी आली. नऊवारी नेसणारी, मराठीवाचून दुसरी भाषा न येणारी, हातांत सोन्याच्या चार बांगड्या. काढून ठेव म्हटले, तर सणाला मोकळ्या हातांनी देवीपुढे जायचे नाही म्हणाली. अष्टमीच्या रात्री भवानीपुरातील एका मांडवात गर्दीचा लोंढा आला आणि तिचा हात माझ्या हातातून सुटला. पुढचे दोन तास मी कसे काढले ते सांगता येणार नाही. अखेर ध्वनिक्षेपकावरून कोणी "हाजरा, हाजरा, मराठी माशिमा" असे काहीसे ओरडत असलेले कानी आले आणि मी धावलो. पत्त्यातला तेवढाच एक शब्द तिच्या लक्षात राहिला होता.

पाड्यातील क्लबच्या मांडवामागे एका खुर्चीवर ती बसली होती. हातात द्रोण, द्रोणात संदेश. शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा पंख्याने वारा घालीत उभा. मी तिला काही विचारण्याआधी माझी दृष्टी तिच्या मनगटांकडे गेली. ती क्षणभरच गेली असेल. परंतु क्लबचे वयस्क कार्यवाह समोरच उभे होते, आणि त्यांनी ती पाहिली. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "चार आहेत, दादा. आल्याबरोबर आम्हीही मोजून ठेवल्या. गर्दी फार होती, आणि तोवर जबाबदारी आमची होती."

मला काय बोलावे ते सुचेना. मावशीला यातले काही कळले नव्हते. ती म्हणाली, "अरे, ही पोरं मला मघापासून मावशी-मावशी म्हणताहेत. यांना मराठी कोणी शिकवलं?"

त्या रात्री मी क्षमा मागावयास हवी होती, मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो, त्यांनी ते आनंदाने घेतले, आणि त्या नजरेविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पुढे अनेक वर्षे मी त्या मांडवात वर्गणी देत आलो. वर्गणीने ती नजर पुसली जात नाही, हे मला ठाऊक आहे. सावध राहण्यात काही गैर नाही. ते कार्यवाहही सावधच होते. त्यांनी बांगड्या मोजल्या त्या तिच्यासाठी, आणि मी मोजल्या त्या त्यांच्याविरुद्ध. बंधुभगिनींनो, पाहुण्यांना सूचना देताना हा भेद आपण सांगावा, एवढीच माझी विनंती आहे. १७९९ मध्ये बुजविलेला खंदक आपल्या बाजूने पुन्हा कोणी खणू नये.

शेवटचा शिष्टाचार निरोपाचा. आपण घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. बंगाली मनुष्यही "जाई" म्हणत नाही. तो म्हणतो "आशि", म्हणजे येतो. हा शब्द आपल्या पाहुण्यांना प्रथम शिकवावा. बाकीच्या सूचना ते विसरले तरी चालतील.  येतो.